नंदी मागून धरायला कोणीतरी लागतं

जुलैचा दुसरा आठवडा. डबे आटोपले होते, बाहेर रिपरिप सुरू होती, म्हणून सगळी मुलं आतच. कोपऱ्यात चौघं मिळून ठोकळ्यांचं मेट्रो स्टेशन बांधत होती. छोटू त्यांच्यापासून दोन हातांवर उभा. पाच-सात मिनिटं तो नुसता बघत राहिला. मग एकदम पुढे झाला, छपराचा लांब ठोकळा उचलला आणि पळत सुटला. स्टेशन कोसळलं. चौघं ओरडत त्याच्या मागे धावली. पळता पळता छोटू मागे वळून हसत होता.

ते हसू मला त्या दिवशी उद्धटपणाचं वाटलं. मी त्याला धरून आणलं, ठोकळा परत द्यायला लावला, ‘सॉरी म्हण’ म्हटलं आणि पाच मिनिटं खुर्चीवर बसवलं. तो बसला. उठल्यावर वीस मिनिटांत दुसऱ्या गटातली किटली घेऊन पुन्हा पळाला, पुन्हा तसाच हसत.

त्या हसण्याचा अर्थ कळायला मला तीन आठवडे लागले. इतकी वर्षं लहान मुलांत काढूनही लागले, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे. बालवाडीत, अंगणवाडीत किंवा घरी अशा एखाद्या मुलाशी झगडणाऱ्यांना यातलं काही उपयोगी पडलं तर मला फार बरं वाटेल.

मूल आणि त्याचं घर

आमची बालवाडी दक्षिण नागपुरात, मानेवाड्याच्या बाजूला. एक मोठी खोली, एक लहान, आणि मागे टिनाच्या शेडखाली अंगण. वर्गात २२ मुलं, चार ते पाच वर्षांची. मी आणि एक मदतनीस ताई. मुलांची खरी नावं लिहीत नाही. घराघरात असतात तशी लाडाची नावं दिली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

छोटू आला तेव्हा सव्वाचार वर्षांचा होता. आईबाबा दोघंही नोकरीवर, दिवसभर आजी. घर तिसऱ्या मजल्यावर, खाली सगळं पार्किंग. नागपूरचा उन्हाळा माहीत असलेल्यांना पुढचं सांगायला नको. पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की दारंखिडक्या बंद, कूलर सुरू, आणि मूल संध्याकाळपर्यंत आत. विदर्भातल्या शाळाही याच उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. त्यामुळे छोटू आमच्याकडे आला तो जवळजवळ चार महिने घरात राहून, आणि त्याआधीही आपल्या वयाच्या मुलांशी तो क्वचितच खेळलेला. बोलणं स्वच्छ. पन्नासपर्यंत आकडे म्हणायचा, रंग ओळखायचा. आईबाबांनी ‘शाळेची तयारी’ मनापासून करून घेतली होती. दुसऱ्या मुलाच्या हातातली वस्तू मागायची कशी, एवढं मात्र या तयारीत कुठेच नव्हतं. असणार तरी कसं? ते मोठ्या माणसांसोबत राहून येत नाही. मोठी माणसं मागायच्या आधीच देऊन टाकतात.

तिसऱ्या आठवड्यात तक्रारी सुरू झाल्या. ढकलतो, ओढतो. एका मुलीच्या हातावर ओरखडा आला. तिचे बाबा फाटकावर भेटले, “मॅडम, त्या मुलाला वेगळं बसवा.” त्यांचं चूक नव्हतं, लेकीच्या हातावर वळ होता. छोटूच्या बाबांनी दुसरा उपाय सुचवला, “दोन धपाटे द्या, आमची हरकत नाही.” मी दोन्हींना नाही म्हटलं. पण त्याऐवजी काय करणार, हे तेव्हा मलाही नीट ठाऊक नव्हतं.

एक गोष्ट आधीच केली, आणि ती सगळ्यांनी करावी असं माझं मत आहे. आईला सांगून बालरोगतज्ज्ञांकडून त्याचे कान तपासून घेतले. कानात वारंवार जंतुसंसर्ग होणाऱ्या मुलांना कमी ऐकू येऊ शकतं, आणि आपण त्यांना हट्टी ठरवून मोकळे होतो. छोटूचं ऐकणं व्यवस्थित होतं. नावाने हाक मारली की बघायचा, बोट दाखवून वस्तू दाखवायचा, डोळ्यांत बघून बोलायचा. या गोष्टी दिसल्या नसत्या तर मी खेळाच्या वाटेला न जाता आधी विकासाची तपासणी करायला पाठवलं असतं.

वहीत काय सापडलं

तोवर आम्ही तीन उपाय करून पाहिले होते. ‘शेअर कर बाळा’ म्हणणं, खुर्ची, आणि ठोकळ्यांची आणखी एक पेटी. शेवटच्याकडून मला फार आशा होती. वस्तू पुरेशा असल्या की भांडण कशाला होईल? पेट्या दोन झाल्या, भांडणं तीच राहिली.

मग मी ताईंना एक वही दिली. पानावर तीन रकाने पाडले: आधी काय चाललं होतं, छोटूने काय केलं, त्यानंतर काय झालं. मत लिहायचं नाही, फक्त दिसलं ते. ‘चिडला’ असं लिहायचं नाही, ‘पाय आपटला’ असं लिहायचं. आठ दिवस आम्ही दोघींनी आळीपाळीने हे टिपलं. नवव्या दिवशी मुलं गेल्यावर वही उघडून बसलो.

मधला रकाना आमच्या ओळखीचा होता: हिसकावलं, ढकललं, पळाला. आम्ही गप्प झालो ते पहिला आणि तिसरा वाचून. पहिल्या रकान्यात जवळजवळ प्रत्येक वेळी एकच: ‘बाजूला उभा राहून बघत होता.’ आणि तिसऱ्यात: ‘सगळे त्याच्या मागे धावले.’ एका ठिकाणी ताईंनी लिहिलं होतं, ‘कोणी मागे आलं नाही. थोडं थांबला. ठोकळा खाली ठेवून परत आला.’

त्याला ठोकळा नकोच होता. त्याला खेळात शिरायचं होतं, आणि शिरायचा एकच दरवाजा त्याला सापडला होता: काहीतरी उचलून पळ, म्हणजे चार मुलं तुझ्यासोबत पळतात. ते हसू उद्धटपणाचं नव्हतं, खेळायला मिळाल्याचं होतं. आणि मी दर वेळी त्याच क्षणी त्याला धरून खुर्चीवर बसवत होते.

मुलं एकमेकांत कशी मिसळतात याच्या अभ्यासात मिल्ड्रेड पार्टन या अमेरिकन संशोधक बाईंचं नाव अजूनही पहिलं घेतलं जातं. मिनेसोटा विद्यापीठाच्या बालशाळेतल्या मुलांचं निरीक्षण करून त्यांनी १९३२ साली आपली मांडणी प्रसिद्ध केली. काही न करता भटकणारं मूल, दुसऱ्यांचा खेळ बघणारं, एकटं खेळणारं, दुसऱ्याशेजारी बसून तसंच पण आपलं आपलं खेळणारं, देवाणघेवाण करत खेळणारं, आणि शेवटी एक ठरवून, कामं वाटून, मिळून खेळणारं. वय वाढतं तसा शेवटच्या प्रकारांचा वाटा वाढतो. पण ही काही शाळेतल्या इयत्तांसारखी गोष्ट नाही, की एक पास झाल्याशिवाय पुढची नाही. पाच वर्षांचं मूलही थकलं की एकटं खेळतं, नवीन जागी गेलं की आधी बघत राहतं. मला यातून एकच कामाचं मिळालं. बघत उभं असलेलं मूल रिकामं नसतं. ते खेळ शिकत असतं. छोटूची पाच-सात मिनिटं अभ्यासाची होती. अभ्यास झाल्यावर पुढचं पाऊल काय टाकायचं, तिथे तो अडकत होता.

मग आम्ही बाकीच्या मुलांकडे बघितलं. ज्यांना कोणत्याही गटात सहज जागा मिळते, ती नेमकं काय करतात? मला वाटायचं, विचारत असतील. ‘मी पण खेळू का?’ हेच तर आपण सगळ्यांना शिकवतो. वहीत मात्र उलट निघालं. असं विचारणाऱ्याला बहुतेक वेळा ‘नाही’ मिळत होतं. आणि का मिळू नये? चार मुलांचा खेळ रंगात आलेला असतो, विचारणाऱ्याला हो म्हटलं तर सगळं नव्याने लावावं लागणार, म्हणून ‘नाही, आम्ही चौघंच आहोत’. गुड्डी नावाची आमची एक चटपटीत मुलगी कधीच विचारत नसे. ती शेजारी बसायची, तसंच काही करायला लागायची, आणि मग हळूच म्हणायची, “तुमच्या गाडीले दिवा नाही. हा घ्या.” दिवा गाडीवर, गुड्डी खेळात. मुलांच्या गटात शिरकाव कसा होतो यावर काम करणाऱ्यांनीही हेच नोंदवलं आहे: आधी बघणं, मग शेजारी तसंच करणं, मग चाललेल्या खेळाला उपयोगी पडेल असं काहीतरी घेऊन येणं. मी छोटूला इतके दिवस ‘विचारून खेळ’ म्हणत होते. म्हणजे ‘नाही’ ऐकायलाच पाठवत होते.

वहीने आणखी एक दाखवलं, जे आम्ही शोधतही नव्हतो. सोनी नावाची एक शांत मुलगी. कोणीही हात पुढे केला की हातातलं देऊन टाकायची. मी वर्गात तिचं कौतुक करायचे, ‘बघा, सोनी कशी शेअर करते!’ आठ दिवसांच्या नोंदीत सोनीचं एकही चित्र पुरं झालेलं नव्हतं. खडू द्यायची आणि रिकाम्या हातांनी बसायची. ती वाटून घेत नव्हती, हरत होती, आणि मी त्याला टाळ्या वाजवत होते. छोटूपेक्षा हे मला जास्त लागलं. दंगा करणाऱ्या मुलाकडे आपलं लक्ष जातंच. अशी मुलं मात्र वर्षभर ‘गुणी’ म्हणून बसून राहतात.

आम्ही काय बदललं

एकट्याने होतच नाही अशी कामं वर्गात आणली. सांगून फारसं काही होत नाही, कामाने होतं, असं माझं आता ठाम मत झालं आहे. आपल्याकडे याचं सगळ्यात सुंदर उदाहरण फुगडी. फुगडी एकट्याने घालता येत नाही. समोरच्याने मागे रेलून तुमचा भार पेलला नाही तर दोघंही पडता. हात सोडला तर त्याचं फळ त्याच क्षणी मिळतं, कोणी रागवायची गरज नाही. चार वर्षांच्या मुलांना उभी फुगडी जड जाते, म्हणून आम्ही सतरंजीवर समोरासमोर बसवून, पायाला पाय लावून, हात धरून आळीपाळीने मागेपुढे झुलायला शिकवलं. पहिल्या दिवशी छोटूने जोडीदाराला ओढून आपल्या अंगावर पाडलं. दोघंही हसली. दुसऱ्यांदा ओढताना त्याने जोर कमी केला, कारण डोक्याला डोकं लागलं होतं.

मग जुनी चादर आणि एक हलका चेंडू. आठ मुलांनी कडा धरायच्या, चेंडू खाली पडू द्यायचा नाही. एकाने जोरात झटका दिला की चेंडू बाहेर. पहिला आठवडा नुसता गोंधळ. मुलं एकमेकांवर ओरडत, “तुयाच मुळे पडला!” मी तोंड बंद ठेवून बसायला शिकले. पाचव्या दिवशी कोणीतरी म्हणालं, “सगळे खाली करा, मंग वर.” आणि चेंडू टिकला.

संगीत खुर्ची बंद केली. त्यात जे मूल पहिलं बाद होतं, त्यालाच सरावाची सगळ्यात जास्त गरज असते, आणि तेच भिंतीला टेकून उरलेला खेळ बघत बसतं. आता सतरंजी असते. गाणं थांबलं की सगळ्यांनी तिच्यावर यायचं. दर फेरीला सतरंजी अर्धी दुमडायची. मुलं बाद होत नाहीत, जागा कमी होते. शेवटी एकमेकांना कवटाळून, एका पायावर, कुणी कुणाच्या कडेला लटकून उभी राहतात. चढाओढीचे खेळ वाईट असतात असं मला मुळीच म्हणायचं नाही. कबड्डी, लंगडी, खो-खो, सगळं यावं, पण थोडं पुढे, हरल्यावर परत उठून येता येईल इतकं बळ आल्यावर.

ठोकळ्यांची जादा पेटी कपाटात गेली. त्याऐवजी मोठ्या वस्तू आणल्या: पुठ्ठ्याचे मोठे खोके, दोन जुने टायर, एक लांब फळी, दोन कड्यांचं घमेलं. फळी एकट्याला उचलत नाही. कोणाला तरी हाक मारावीच लागते, आणि हाक मारताना ओरडून चालत नाही, नाहीतर तो येतच नाही. चिकटकामाच्या टेबलावर चार मुलांत खळीची एकच वाटी ठेवली. हे नवीन नाही. माँटेसोरी पद्धतीत प्रत्येक साधन वर्गात एकच ठेवतात, ते याच विचाराने, की थांबणं हाही शिक्षणाचा भाग आहे. आणि खेळणी विकत आणली तरच बालशिक्षण होतं हा समज तर ताराबाई मोडकांनी कधीच खोडून काढला. १९२६ साली गिजुभाई बधेकांसोबत नूतन बालशिक्षण संघ सुरू करणाऱ्या ताराबाई पुढे बोर्डी-कोसबाडला आदिवासी पाड्यांवर गेल्या, तेव्हा तिथले शंख-शिंपले, पानं, बिया, खडे हीच त्यांच्या बालवाडीची साधनं झाली. आमचे टायर-खोके त्यांच्याच घरचे, असं मी मानते.

वेळही बदलला. मोकळ्या खेळाला वीस मिनिटं होती. वीस मिनिटांत मुलं जेमतेम ठरवतात, की तू डॉक्टर आणि मी पेशंट. खेळ सुरू व्हायला आणि घंटा व्हायला एकच गाठ. आम्ही पाऊण तास केला. पालकसभेत यावर प्रश्न आले, ‘मग लिहायचं कधी?’ मी त्यांना वही दाखवली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा खेळातून शिकण्याचा मानला आहे, हेही सांगितलं. खरं तर धोरणापेक्षा वहीने जास्त पटवलं.

आणि शब्द. हे सगळ्यात कंटाळवाणं काम आणि सगळ्यात जरुरीचं. ‘सॉरी म्हण’ बंद. त्याऐवजी, “तिच्याकडे बघ. ती रडते आहे. तिला काय पाहिजे, विचार.” कधी पाणी पाहिजे असायचं, कधी मोडलेलं घर परत बांधून पाहिजे असायचं, कधी ‘दूर जा’ एवढंच. जे मागितलं ते करायचं. सोनीसाठी एक वाक्य होतं, “माझं झालं की देते.” ते आम्ही बाहुल्या घेऊन रोज म्हणत होतो, कारण तिच्या तोंडून ते निघायला तयारच नव्हतं. छोटूसाठी वाक्य नव्हतं, एक प्रश्न होता. तो खेळाच्या कडेला उभा दिसला की मी त्याच्या शेजारी उकिडवी बसायचे आणि कानात विचारायचे, “त्यांच्याकडे काय कमी आहे रे?”

पहिले काही दिवस तो माझ्याकडे नुसता बघायचा. एकदा म्हणाला, “माणसं.” स्टेशनवर माणसं नव्हती. मी म्हटलं, “मग?” त्याने सागरगोट्यांची वाटी आणली आणि स्टेशनवर ओतली. ओतली म्हणजे अक्षरशः ओतली, अर्धं स्टेशन हाललं. बांधणाऱ्यांपैकी एक वैतागला, पण दुसरा म्हणाला, “अबे, गर्दी झाली!” आणि मग सगळे सागरगोटे रांगेत लावू लागले. छोटू त्यांच्यात बसला. अकरा मिनिटं बसला. ताईंनी वहीत वेळ लिहून ठेवली आहे.

तान्हा पोळा

इतर जिल्ह्यांतल्या वाचकांसाठी थोडं सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान मुलांचा पोळा असतो, तान्हा पोळा. मुलं लाकडी बैल, म्हणजे नंदी, सजवून मिरवतात, घरोघरी नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळवतात. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघुजीराजांनी १८०६ साली तो सुरू केला असं सांगतात. त्याच दिवशी नागपुरात इतवारीत काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे रोगराई घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते, म्हणून आधीचे आठ दिवस वर्गात ‘खोकला-ताप घेऊन जा गे मारबत’ सुरूच असतं.

दर वर्षी आमच्याकडेही मुलं आपापला नंदी आणायची आणि उत्कृष्ट नंदीला बक्षीस असायचं. कोणाचा वीतभर, कोणाचा चाकांवरचा गुडघ्याएवढा. घरची ऐपत मुलांच्या हातात दोरीला बांधलेली दिसायची. मला हे अनेक वर्षं खुपत होतं. या वर्षी ठरवलं: घरचे नंदी पाडव्याला, म्हणजे तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी, घरी मिरवा, बालवाडीचा नंदी एकच, सगळ्यांचा. काही पालक नाराज झाले, काही मुलंही. एकाने तर दोन दिवस विचारलं, “पण तो कोणाचा असन?”

टीव्हीच्या खोक्याचं धड, लहान खोक्याचं डोकं, खाली चार चाकांची फळी. पाठीवर मुलांनी हाताचे ठसे मारलेली झूल. शिंगं कागदाच्या लगद्याची, वाळायला चार दिवस लागले. एक दोरी ठेवली तर एकच मूल ओढणार, म्हणून पुढे चार दोऱ्या बांधल्या. नंदी उंच झाला होता आणि खालची फळी अरुंद. हे मी पाहिलं होतं. मुद्दाम काही बोलले नाही.

रंगीत तालमीला चौघं ओढायला लागली. गुड्डी पुढे पळाली, उजवीकडचा मागे राहिला, नंदी वाकडा झाला आणि पडला. डावं शिंग तुटलं. अंगणात एक क्षण कोणीच बोललं नाही. मग सगळे गुड्डीवर तुटून पडले आणि गुड्डी रडायला लागली. मी पुढे व्हायला निघाले होते. ताईंनी माझा पदर ओढला. मी थांबले.

नंदी उभा केला, पुन्हा ओढला, पुन्हा डुलला. छोटूला ओढायची पाळी मिळाली नव्हती. तो टायरवर बसून बघत होता, तेच त्याचं बघणं, डोळे चाकांवर. तिसऱ्यांदा नंदी कलायला लागला तसा तो उठला. मला वाटलं आता शिंग घेऊन पळणार. माझ्या पोटात खरंच गोळा आला. तो मागून गेला, दोन्ही हातांनी नंदीचं धड धरलं आणि ओरडला, “हळू ओढा ना बे! पडून राहिला तो!”

नंदी सरळ झाला. चौघं हळू चालायला लागली. छोटू मागून धरून. अंगणाच्या टोकाला पोचल्यावर गुड्डीने डोळे पुसत मागे पाहिलं आणि म्हणाली, “तू मागेच राह्य. तिकडे कोणीतरी लागते.”

तान्ह्या पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही नंदी गल्लीतून फिरवला. तुटलेल्या शिंगाला पट्टी बांधली होती, मुलांच्याच सांगण्यावरून, ‘त्याले लागलं न.’ ओढायला पाळ्या लागल्या. मागून धरायलाही आता भांडण व्हायला लागलं, कारण ती जागा एकदम भारी ठरली होती. सोनीला ती पाळी मिळाली तेव्हा एका मोठ्या मुलाने तिला सरकवायला बघितलं. तिने नंदी सोडला नाही. काय म्हणाली ते ढोलाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. ओठ हलताना दिसले आणि तो मुलगा बाजूला झाला. मला त्या दिवशी जे काही मिळालं, त्यात ते सगळ्यात मोठं होतं.

त्यानंतरचं

छोटू पूर्ण बदलला असं मी लिहिणार नाही. गणपतीच्या सुट्टीनंतर पहिला आठवडा पुन्हा हिसकाहिसकीचा गेला. भूक लागली, झोप अपुरी झाली, वर्गात नवीन मूल आलं, की जुनी सवय वर येते. वहीतल्या नोंदी आता रोज नसतात, आठवड्यातून दोन-तीन. ओरखडा आलेल्या मुलीचे बाबा अजूनही थोडे सावध असतात, आणि मी त्यांना समजावत बसत नाही. भुलाबाईच्या, म्हणजे आमच्याकडच्या भोंडल्याच्या, दिवसांत आम्ही रोज संध्याकाळी मुलगे-मुली सगळ्यांना बसवून खाऊ ओळखायचा खेळ घेतला. डबा हलवायचा, वास घ्यायचा, प्रत्येकाने एक अंदाज सांगायचा, आणि सगळ्यांनी मिळून एकच उत्तर ठरवायचं. छोटूला हे एकच उत्तर ठरवणं फार जड गेलं. त्याला ‘चकली’च म्हणायचं असायचं. मग तो रुसून पाठ करून बसायचा. पण बसायचा वर्तुळातच.

घरी काय करावं हा प्रश्न आजींनी विचारला. त्या वर्ध्याकडच्या, बोलणं अस्सल वऱ्हाडी. ऑक्टोबरात एक दिवस छोटूला घ्यायला आल्या आणि पायरीवर बसल्या. “मॅडम, घरी त एकटाच हाय ना जी तो. मीच खेळतो त्याच्यासंग सापशिडी. आन् मी त मुद्दामच हारतो. जिकलो त रडते ना तो, पट फेकून देते. आता तुमीच सांगा, हारू का जिकू?”

मी थोडा विचार केला. हरा म्हणावं तर तो घरी कधीच हरायला शिकणार नाही. जिंका म्हणावं तर सत्तरीच्या बाईला रोज संध्याकाळी रडारड. मी म्हटलं, “आजी, दोन सोंगट्या ठेवूच नका. एकच ठेवा, दोघांची. एकदा फासा तुम्ही टाका, एकदा तो टाकेल. शंभरवर दोघांनी मिळून पोचायचं.”

आजींना ते फारसं पटलेलं दिसलं नाही. “एकाच सोंगटीत कोन जिकन मंग?” म्हणत त्या उठल्या.

आठवड्याने फाटकावर भेटल्या. मी विचारलं, “काय म्हणते सापशिडी?”

“काल अठ्ठ्याण्णववर गेलो होतो जी. तिथं साप. दोघंबी खाली आलो.”

“मग? फेकला पट?”

“नाही फेकला. माह्याकडे पाह्यलं त्यानं, जरासा रडवेला झाला. मंग म्हने, आजी, टाक आता, तुही पाळी हाय.”